१६०५ बॉलस्क्रूचा संच: प्ले कुठे असतो, कसा काढायचा आणि खाऱ्या हवेत कसा टिकवायचा

बॉलस्क्रू म्हणजे ज्याचा नट खाचेत गडगडणाऱ्या छर्ऱ्यांवर सरकतो तो स्क्रू. घरी संगणकावर चालणारा राउटर किंवा छोटी मिलिंग बांधणाऱ्यांच्या ओळखीचा बॉलस्क्रू म्हणजे ‘एसएफयू १६०५’. सोळा मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्याला पाच मिलिमीटर सरकवणारा रोल केलेला स्क्रू, त्यावर एक फ्लँजचा नट, नट बसवायला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, एका टोकाला स्क्रू अक्षाच्या दिशेत धरून ठेवणारा बेअरिंगचा ठोकळा बीके १२, दुसऱ्या टोकाला नुसता आधार देणारा बीएफ १२ आणि सोबत मोटर स्क्रूला जोडणारं एक कपलिंग. ऑनलाइन मागवा नाहीतर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर शोधा, बिनब्रँडचा संच साधारण असाच मिळतो. कोकणात असं यंत्र बांधणाऱ्याची कामंही ठरलेली: गणपतीची मखरं, नावाच्या पाट्या, सावंतवाडीकडची लाकडी खेळणी, एखाद्या होडीच्या इंजिनासाठी पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. या कामांसाठी हा संच घ्यावा का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

मत आधीच सांगतो. स्क्रू घ्यावा. नट थोड्या कामानंतर चांगला चालतो. बीकेच्या ठोकळ्यातली बेअरिंगं बदलावीत आणि सोबतचं कपलिंग बाजूला ठेवावं. बहुतेकांची तक्रार असते ‘नटला प्ले आहे’, म्हणजे ढिलाईमुळे दिशा बदलताना थोडी हालचाल हरवते, आणि ते थेट नट उघडायला घेतात. हरवलेली हालचाल बऱ्याचदा नटमध्ये नसतेच, ती बीके १२ मध्ये असते. म्हणून नटला हात लावण्याआधी प्ले नेमका कुठे आहे ते मोजून काढणं, हे सगळ्यात महत्त्वाचं काम.

वेष्टनावर ‘सी ७’ लिहिलेलं असतं, त्याबद्दल थोडं. सी ७ म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीत सरकण्याची चूक साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत. ही चूक पिचची, म्हणजे एका फेऱ्यात सरकण्याच्या मापाची आहे, उलट फिरताना वाया जाणाऱ्या हालचालीची, म्हणजे बॅकलॅशची नाही. सी ७ स्क्रूवर शून्य बॅकलॅश मिळू शकतो आणि महागड्या ग्राउंड, म्हणजे घासून अचूक केलेल्या स्क्रूवर ढिला नट बसवला तर बॅकलॅश राहतो. पिचची चूक लांबीच्या प्रमाणात वाढत जाते, त्यामुळे कंट्रोलरमधला एका मिलिमीटरमागच्या स्टेप्सचा आकडा बदलून तिचा मोठा भाग भरून निघतो. नेहमीची फेऱ्याला २०० स्टेप घेणारी मोटर, दर स्टेपचे आठ बारीक भाग (मायक्रोस्टेप) आणि ५ मिलिमीटर पिच धरला तर तो आकडा ३२० येतो. तो ३१९.९ किंवा ३२०.१ केल्याने बॅकलॅश कमी होईल या आशेवर कोणी राहू नये.

स्क्रू हाती आला की पहिली तपासणी सरळपणाची. कुरिअरच्या प्रवासात पुठ्ठ्याच्या नळीतला लांब स्क्रू वाकलेला निघू शकतो. जाड काचेवर लोळवून खालची फट पाहिली तरी ढोबळ वाक कळतो. नीट पाहायचं तर व्ही आकाराच्या खाचेच्या दोन ठोकळ्यांवर (व्ही-ब्लॉक) ठेवून मध्यावर डायल, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप लावा. वाकलेला स्क्रू प्रत्येक फेऱ्याला नट घट्ट-सैल करतो आणि ते छर्रे बदलून सुधारत नाही. तो परत करणंच योग्य. टोकं टर्न केलेलीच मागवा. स्क्रूचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, गावातल्या लेथवर साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने तो कापला जात नाही, कार्बाइडची टीप लागते आणि तरी एम १२ × १ चा बारीक आटा स्वच्छ येईलच असं नाही. अशा कामासाठी कोल्हापूरच्या शिरोलीला किंवा आंबोली घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत जावं लागतं. टोकं तयार घेतली तर हा फेरा वाचतो. आणि नट स्क्रूवरून सहज म्हणून कधीही बाहेर काढू नका, छर्रे खाली सांडतात.

आता मोजणी. ०.०१ मिलिमीटरचा डायल पुरतो, मिटुटोयो असो की पुण्याचा बेकर. डायलपेक्षा मॅग्नेट स्टँडकडे जास्त लक्ष द्या, कारण स्वस्त स्टँडचे सांधे स्वतःच ०.०२-०.०३ ने झुकतात. स्टँडचा हात आखूड ठेवा आणि बोटाने हलकं ढकलून काटा जागेवर परत येतो का ते पाहा.

यंत्राला एका दिशेत किमान एक मिलिमीटर चालवून थांबवा म्हणजे सगळी ढिलाई एका बाजूला जमा होते. डायल शून्यावर आणा. त्याच दिशेत ०.१० चालवा, डायलने ०.१० दाखवायला हवेत. आता उलट दिशेत ०.१० चालवा. काटा शून्यावर न येता ०.०६ वर थांबला तर ०.०६ मिलिमीटर हालचाल हरवली. हे स्क्रूच्या दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर करा. तिन्ही ठिकाणचे आकडे सारखे आले तर दोष बहुधा बेअरिंगमध्ये किंवा कपलिंगमध्ये आहे. मध्यावर जास्त आणि टोकांना कमी आले तर स्क्रूची झीज किंवा व्यासातला फरक आहे.

मोटरच्या स्टेप्स चुकल्या तरी काम असंच बिघडलेलं दिसतं, म्हणून तो संशय आधी दूर करा. तीच पुढे-मागे हालचाल पन्नास वेळा करायला लावा आणि मूळ जागी त्याच दिशेने परत आणा. बॅकलॅश असेल तर काटा दर वेळी त्याच आकड्यावर येईल. स्टेप्स चुकत असतील तर चूक वाढत जाईल. पावसाळ्यात व्होल्टेज पडतं तेव्हा साध्या ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्यावरचा, मोटर चालवणारा ड्रायव्हर अशक्त होतो आणि मखराची जाळी मध्येच सरकते. त्याचा बॉलस्क्रूशी काही संबंध नाही.

प्ले आणि लवचिकता यांच्यातही गल्लत होते. मोटर चालू ठेवून, म्हणजे स्क्रू जागेवर धरलेला असताना, टेबलाला मासे तोलायचा लटकता स्प्रिंगकाटा अडकवा. दोन्ही दिशांनी ५, १० आणि १५ किलोने ओढून प्रत्येक वेळी डायल नोंदवा. खरा प्ले थोड्याशा जोरातच एकदम निघून जातो, पुढचं सरकणं वजनाच्या प्रमाणात होतं. उदाहरणार्थ, दोन्ही दिशांतला एकूण फरक ५ किलोला ०.०५, १० किलोला ०.०६, १५ किलोला ०.०७ असेल तर दर पाच किलोमागे ०.०१ ही लवचिकता आहे आणि मागे मोजत गेलं की शून्य वजनाला उरलेले ०.०४ हा प्ले. लवचिकता नटमध्ये जाडे छर्रे भरून जात नाही. तिच्यासाठी गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी आडवी चौकट जाड करावी लागते.

मग एकेक सांधा वेगळा तपासायचा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीसने एक छर्रा चिकटवा आणि सपाट टोकाचा डायल त्या छर्ऱ्यावर टेकवा. दुसऱ्याला टेबल हाताने पुढे-मागे ढकलायला सांगा. काटा हलला तर स्क्रू स्वतःच अक्षाच्या दिशेत सरकतोय, म्हणजे बीके १२ दोषी. काटा स्थिर राहिला तर डायल नटाच्या फ्लँजवर आणि स्टँड नटाच्या ठोकळ्यावर. तिथे हालचाल दिसली तर फ्लँजचे एम ५ बोल्ट सैल आहेत किंवा ठोकळ्याचा तोंडाचा भाग सपाट नाही. मग स्टँड टेबलावर आणि डायल ठोकळ्यावर. हे सगळं स्थिर निघालं आणि तरीही हालचाल हरवत असेल, तर मात्र नट.

बीके १२ हा या संचातला सर्वांत कमकुवत भाग. या प्रकारच्या ठोकळ्यात ७००१ क्रमांकाच्या अँग्युलर कॉन्टॅक्ट, म्हणजे अक्षाच्या दिशेचा भारही घेणाऱ्या बेअरिंगची जोडी असायला हवी. स्वस्त संचात बऱ्याचदा दोन साधी ६००१ निघतात. दोन्हींचं माप एकच आहे, १२ × २८ × ८ मिलिमीटर, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. चार स्क्रू काढून पुढचं झाकण उघडा आणि रिंगवरचा आकडा वाचा. ६००१ हे मूळचं आडव्या भारासाठीचं बेअरिंग. त्याच्यात व्यासाच्या दिशेने काही मायक्रॉनची ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते आणि अक्षाच्या दिशेत ती कित्येक पटींनी मोठी होऊन दिसते. ७००१ ची जोडी पाठीला पाठ लावून बसवली आणि लॉकनटने आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या की ही ढिलाई संपते. पाठ म्हणजे बाहेरच्या रिंगची रुंद कडेची बाजू. त्या दोन रुंद कडा एकमेकींना टेकायला हव्यात. एक बेअरिंग उलट बसलं, म्हणजे दोन्हींची तोंडं एकाच दिशेला झाली, तर एका दिशेत यंत्र पक्कं वाटतं आणि दुसऱ्या दिशेत सगळा भार चुकीच्या कडेवर येतो.

दुकानात ७००१ मागताना जोडी जुळवलेली किंवा कशीही जुळणारी आहे का ते विचारा. सुटी, न जुळवलेली बेअरिंगं मिळाली तर बाहेरच्या दोन रिंगांमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या शिमची (पातळ पत्र्याची) कडी घाला. त्यामुळे आतल्या रिंगांमध्ये फट राहते आणि ती लॉकनटने हवी तेवढी मिटवता येते. लाकूडकामाच्या राउटरला याच युक्तीने ६००१ ची जोडीही चालवून घेता येते, प्ले जातो. अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल तर मात्र ७००१ शिवाय समाधान होत नाही.

लॉकनट एम १२ × १ चा आहे, फेऱ्याला एक मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका अंशाला जवळपास ०.००३ मिलिमीटर. पाना लावून हिसका देण्याची ही जागा नाही. सेंटरमधल्या छर्ऱ्यावर डायल ठेवा, टेबल ढकलत राहा आणि लॉकनट दर वेळी पाच-दहा अंशच फिरवा. काट्याचं हलणं थांबलं की स्क्रू हाताने फिरवून पाहा. फिरणं एकसारखं आणि किंचित जड लागलं पाहिजे. दाणे टोचल्यासारखं लागलं तर जास्त आवळलं गेलंय, थोडं मागे या. लॉकनटचा ग्रब स्क्रू (बाजूने आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) थेट आट्यावर आवळला की आटा चेंबतो आणि नट तिरका होऊन बसवलेला दाब बदलतो. ग्रब स्क्रूखाली विजेच्या तारेतला तांब्याचा छोटा तुकडा घाला. आवळल्यानंतर डायल पुन्हा पाहा, कारण ग्रब स्क्रू आवळताना लॉकनट सरकतो.

एक बारीक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: पुढचं झाकण. झाकणाने बाहेरच्या रिंगा दाबून धरायच्या असतात. म्हणून स्क्रू आवळण्याआधी झाकण आणि ठोकळा यांच्यात ०.०५ ते ०.१ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. फट नसेल तर झाकण आधी ठोकळ्याला टेकतं आणि बेअरिंगची जोडी आत मोकळी राहते. मग कितीही चांगली बेअरिंगं आणा, सेंटरवरचा काटा हलतच राहतो. रिंगच्या कडेवर पातळ शिम टाकली की काम झालं.

बीएफ १२ च्या टोकाला ६००० क्रमांकाचं बेअरिंग आणि सर्कलिप असते. हे टोक मोकळंच ठेवायचं. स्क्रू तापला की लांबतो: पोलादाची लांबी मीटरला दर अंशामागे ०.०११ ते ०.०१२ मिलिमीटर वाढते, म्हणजे ६०० मिलिमीटरचा स्क्रू दहा अंशांनी तापला तर ०.०७ च्या आसपास. दोन्ही टोकं जखडली तर स्क्रू कमानीसारखा वाकतो आणि बेअरिंगं रडतात. या आकड्याकडे पाहून हेही लक्षात येईल की तासभर वेगाने पळवलेल्या यंत्रावर ०.०१ चा प्ले शोधत बसण्यात अर्थ नाही. मोजणी थंड यंत्रावर करा.

कपलिंगबद्दल फार लिहायला नको. रबरी चांदणीचं कपलिंग दिशा बदलताना पिळतं, आणि चांदणी झिजली की सरळ प्ले देतं. आवर्त चिरांचं अ‍ॅल्युमिनियमचं कपलिंग हलक्या राउटरला ठीक. ग्रब स्क्रूने धरणारं घेऊ नका, क्लँपने आवळणारं घ्या. मोटरची दांडी ६.३५ आहे की ८ मिलिमीटर ते मोजून भोक निवडा, नेमा २३ मापाच्या मोटरमध्ये दोन्ही मिळतात. पातळ पत्र्याच्या चकत्यांचं कपलिंग यातलं सर्वांत चांगलं.

आता नट. बेअरिंग, झाकण, बोल्ट आणि कपलिंग निर्दोष करूनही ०.०३-०.०५ उरत असेल तर जाडे छर्रे भरायचे. या नटातले छर्रे ३.१७५ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. खाच साधारण ४५ अंशांवर छर्ऱ्याला धरते, त्यामुळे छर्ऱ्याचा व्यास ०.०१ ने वाढवला की दोन्ही दिशांचा मिळून प्ले सुमारे ०.०२८ ने कमी होतो. म्हणजे ०.०४ प्लेसाठी ०.०१४ जाडी पुरते. ०.०५ जाडे छर्रे भरून ‘एकदम टाइट’ करणाऱ्यांचे नट जाम होतात किंवा थोड्याच दिवसांत खाचा सोलतात, कारण जाडा छर्रा चार ठिकाणी टेकतो आणि गडगडण्याऐवजी घासतो.

उघडण्याआधी प्ले स्क्रूच्या पाच-सहा ठिकाणी मोजा. रोल केलेल्या स्क्रूचा व्यास लांबीभर एकसारखा नसतो. जिथे प्ले सर्वांत कमी आहे त्या जागेच्या हिशेबाने छर्रे निवडायचे. मध्यावर ०.०५ आणि टोकाला ०.०३ असेल तर ०.०३ साठीच निवडा, नाहीतर टोकाला नट अडकेल. मध्याला राहिलेले ०.०२ स्वीकारा. हा या संचाचा खरा मर्यादेचा बिंदू आहे, आणि त्यापलीकडे जायचं असेल तर ग्राउंड स्क्रूसाठी पैसे मोजावे लागतात.

नट बीएफच्या टोकाने उतरवा, तिथली दांडी १० मिलिमीटरची असल्याने नळीला जागा मिळते. नायलॉनची किंवा पितळेची नळी टर्न करून घ्या: आतलं भोक १०.२, बाहेरचा व्यास स्क्रूच्या खाचेच्या तळापेक्षा ०.२ ने कमी, लांबी नटाहून जास्त. तळाचा व्यास तेरा मिलिमीटरच्या आसपास असतो, पण मोजूनच करा. नळी दांडीवर चढवून स्क्रूला घट्ट भिडवा आणि नट फिरवत तिच्यावर घ्या. मग कडा असलेल्या ताटात फडकं पसरून त्यावर नळी हळू काढा. छर्रे मोजून ठेवा. नटात चार स्वतंत्र फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीतले छर्रे तिच्या तिच्या वळणाच्या तुकड्यातून परत फिरतात. दोन फेऱ्यांमधली खाच रिकामीच असते. तिथे एखादा छर्रा चुकून राहिला तर तो फिरत नाही, नुसता घासला जातो.

जुने दहा छर्रे मायक्रोमीटरने मोजा. ते ३.१७५ चेच असतील असं गृहीत धरू नका, नवीन माप त्यांच्या खऱ्या मापावरून काढा. नवीन छर्रे क्रोम स्टीलचे, ग्रेड १० चे, एकाच पाकिटातले. सायकलच्या फ्रीव्हीलचे छर्रे आकाराने तेवढेच दिसतात, पण एकेका छर्ऱ्याच्या व्यासात फरक असतो. मग सगळा भार दोन-चार जाड्या छर्ऱ्यांवर येतो. दोन पाकिटांतले छर्रे एका नटात मिसळू नका.

भरताना नटाची प्लॅस्टिकची वायपर (स्क्रूवरची धूळ पुसणारी कडी) काढा, रॉकेलने धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा. कोकणच्या दमट हवेत रॉकेलने धुऊन उघडं ठेवलेलं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं. खाचेत ग्रीस लावून चिमट्याने एका फेरीत एकेक छर्रा चिकटवा, फेरी भरली की नळी तेवढीच पुढे सरकवा, मग दुसरी. फेरी ठासून भरायची नाही, एका छर्ऱ्याच्या निम्म्या-पाऊण जागेएवढी मोकळीक राहू द्या. नट जड वाटला तर एक जाडा, एक किंचित बारीक असे आळीपाळीने भरायची पद्धत आहे. बारीक छर्रा भार घेत नाही, शेजारच्या दोघांना एकमेकांवर घासू देत नाही. त्यात भार उचलण्याची ताकद निम्मी होते, पण राउटरच्या भाराला ती पुरते.

झाल्यावर स्क्रू उभा धरा. सैल नट स्वतःच्या वजनाने गरगरत खाली येतो. नीट बसलेला नट जागेवर राहतो आणि दोन बोटांनी सगळीकडे सारखा फिरतो.

ज्यांना नट उघडायचा नाही, त्यांनी दुसरा नट आणून दोन्ही नटांमध्ये चकतीची स्प्रिंग टाकावी. ३१.५ × १६.३ मापाची, ०.८ मिलिमीटर जाडीची चकती या स्क्रूवरून जाते. यात छर्रे दोनच ठिकाणी टेकतात, म्हणून नट हलका चालतो आणि थोडीफार झीज स्प्रिंग आपोआप भरून काढते. अडचण अशी की कापताना लागणारा जोर स्प्रिंगच्या दाबापेक्षा जास्त झाला की एका दिशेत टेबल सरकतं. स्प्रिंगऐवजी मोजून घासलेली कडी टाकली तर कापण्याच्या कमाल जोराच्या एक-तृतीयांश इतका दाब पुरतो. तीस किलोचा जोर लागत असेल तर दहा-अकरा किलो. कडी घासणं कटकटीचं आहे, पण अ‍ॅल्युमिनियम कापणाऱ्यांनी तीच करावी. एक आठवण: यात नटाची लांबी दुप्पट होते आणि तेवढा प्रवास कमी होतो, हे फ्रेम वेल्ड करण्याआधी ठरवा.

जुळवणीत सगळं बिघडू शकतं. बीके आणि बीएफचे ठोकळे रंगावर किंवा पावडर कोटिंगवर बसवू नका, बोल्टखालचा रंग दबत जातो आणि महिन्याभरात ओळ हलते. बसायच्या जागा खरवडून काढा. नटाचे बोल्ट सैल ठेवून टेबल बीकेजवळ आणा, तिथे बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन बीएफचा ठोकळा त्याच्या मर्जीने बसू द्या आणि आवळा. मध्यावर मोकळं आणि टोकांना जड लागत असेल तर प्ले कमी करण्याआधी ही ओळ सुधारा.

सॉफ्टवेअरमधली भरपाई, म्हणजे दिशा बदलताना हरवणारी हालचाल प्रोग्रामने जोडून देणं, हा शेवटचा उपाय. यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी माक-३ आणि लिनक्स सीएनसीमध्ये ती आहे, मूळ जीआरबीएलमध्ये नाही. तिने रिकाम्या यंत्राची जागा बरोबर येते. पण कटर कामाला स्वतःकडे ओढतो तेव्हा टेबल उरलेल्या ढिलाईतून पुढे उडी मारतं आणि त्या क्षणी सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. ०.०२ पर्यंतच्या उरलेल्या प्लेसाठी ती वापरावी, ०.१ झाकण्यासाठी नाही.

किनाऱ्यावर या संचाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. स्क्रूवर कसलाही लेप नसतो. हवेतलं मीठ पृष्ठभागावर बसतं, ओलावा ओढतं आणि खाचेत सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. छर्रे त्यावरून गेले की कडा तुटतात, त्याचीच भुकटी नटात फिरते आणि मेहनतीने बसवलेला दाब एका हंगामात जातो. मिऱ्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यालगतच्या शेडमध्ये हे जास्त, घाटाखालच्या आतल्या गावांत कमी. नटात लिथियमचं ग्रीस चालतं, पण समुद्राजवळ कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस घ्या, खाऱ्या ओलाव्यात ते धुतलं जात नाही. ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस नटात घालू नका, त्याचे घन कण खाचेत दाबले जातात. स्क्रूच्या उघड्या भागावर व्हीजी ६८ स्लाइडवे तेलाचा पातळ थर रोज, काम संपल्यावर. खोबरेल नको, ते जुनं झालं की चिकट होतं आणि थंडीत गोठतं. फवारून गंज सोडवणारी तेलंही नटापासून लांब ठेवा, आतलं ग्रीस धुऊन नेतात.

यंत्र बंद असलं तरी आठवड्यातून एकदा टेबल पूर्ण प्रवासभर चालवा. महिनाभर एकाच जागी राहिलेल्या नटाखाली छर्ऱ्यांच्या अंतरावर गंजाचे ठिपके पडतात आणि नंतर नेमक्या त्याच जागी टेबल अडखळतं. लाकडाचा भुसा, विशेषतः एमडीएफचा, ओलावा धरून ठेवतो. स्क्रूवर घडीचं कव्हर बसवा. गिलावा न केलेल्या जांभ्याच्या भिंतींची शेड असेल तर कव्हर हवंच. ती लाल धूळ तेलात मिसळली की खाचा घासते. कव्हरला खालून भोकं ठेवा, नाहीतर आत दमट हवा कोंडते.

उभ्या अक्षाला हा स्क्रू लावणाऱ्यांनी लाइट जाण्याचा विचार आधी करावा. बॉलस्क्रू स्वतःहून अडत नाही. मोटरची वीज गेली की जड स्पिंडल स्क्रू फिरवत खाली येतो आणि कटर कामात रुततो. ब्रेकची मोटर किंवा गॅस स्प्रिंग लावा. दाब दिलेला नट थोडा घासतो, पण त्या घर्षणावर स्पिंडल सोपवू नका.

लांबीचा विचारही यातच. १६०५ हजार-बाराशे मिलिमीटरपर्यंत घ्यावा. दीड मीटरला त्याची सुरक्षित गती मिनिटाला नऊशे फेऱ्यांच्या आसपास येते, म्हणजे साडेचार मीटर. त्यापुढे स्क्रू दोरीसारखा फिरतो. मोठ्या मखरांसाठी वीस मिलिमीटर व्यासाचा २००५ घ्या, त्याला बीके १५ लागतो. फक्त लाकूड कापायचं आणि वेग हवा म्हणून फेऱ्याला दहा मिलिमीटर सरकवणारा १६१० घ्यायचा तर घ्या, पण कपलिंग पिळल्याने हरवणारी हालचाल तिथे दुप्पट दिसते.

नवीन बसवलेल्या यंत्रावर पहिल्या पंधरा-वीस तासांच्या कामानंतर सेंटरमधला छर्रा आणि डायल पुन्हा लावा. बेअरिंगच्या रिंगा आणि शिम बसतात, लॉकनट थोडा पुढे घ्यावा लागतो. त्यानंतर वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दिवाळीनंतर, स्क्रूच्या तीन ठिकाणचे आकडे यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मधला आकडा वाढला आणि टोकांचे तेच राहिले तर नटाच्या वायपरमध्ये काय साठलंय ते आधी पाहा.